मराठवाड्यातून फुटबॉल क्लबला हायलाइट व्हिडिओ पाठवायचाय? मग आधी ते गाणं काढा

दरवर्षी शालेय स्पर्धा उरकत आल्या की पोरांचे व्हिडिओ यायला सुरू होतात. "सर बघा ना कसा झालाय, क्लबला पाठवू का?" उघडला की पहिले दहा सेकंद नाव गरगर फिरत येतंय, मागं आग लागलेली, मग पंजाबी गाणं, मग स्लो मोशनमध्ये एक गोल, तोच गोल परत, तोच गोल झूम करून परत, आणि शेवटी जिममधला फोटो. पोरगं चांगलं खेळतं हे मला माहीत असतं कारण मी त्याला ग्राउंडवर बघितलेलं असतं, पण त्या व्हिडिओतून ते दुसऱ्या कुणाला कळायचं नाव नाही.

म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच टाकावं. इंटरनेटवर या विषयाची माहिती ढीगभर पडलीय पण ती सगळी असं धरून चालते की तुमच्या ग्राउंडला स्टँड आहे, गवत आहे आणि क्लबनं स्वतः कॅमेरा लावलाय. आमच्याकडं ग्राउंड म्हणजे काळी माती नाहीतर मुरूम, फक्कीनं मारलेल्या रेषा सेकंड हाफपर्यंत पुसून गेलेल्या, एका कडेला क्रिकेटवाल्यांची नेट प्रॅक्टिस आणि दुसऱ्या कडेनं संध्याकाळचे वॉकिंगवाले काका थेट कॉर्नर फ्लॅगवरून चाललेले. यातूनच व्हिडिओ काढायचाय तर त्याच हिशोबानं बोलू.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. व्हिडिओ बघून कुणी कुणाला साइन करत नाही. व्हिडिओचं काम एवढंच की समोरच्यानं म्हणावं, या पोराला एकदा बोलवा. पण तेवढं झालं तरी आपल्यासाठी लै आहे, कारण परभणी-नांदेडहून मुंबईला ओपन ट्रायलला, म्हणजे कुणीही येऊ शकतं अशा निवड चाचणीला, जायचं म्हणजे देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास, सोबत घरचं एक माणूस, त्याचा रोज बुडणार, मुंबईत उतरायचं कुठं हा प्रश्न वेगळाच, आणि तिथं गेल्यावर एवढ्या मोठ्या गर्दीत तुमच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं येणार, त्यात बॉल तुमच्याकडं आला तर आला. व्हिडिओ बघून बोलावलेलं असलं की निदान तुमचं नाव कागदावर असतं आणि कोण बघायचाय हे कोचला माहीत असतं.

कोल्हापूरच्या पोरांचं बरं आहे. शाहू स्टेडियमला स्टँड आहे, मॅचला गर्दी असते, तिथला अनिकेत जाधव 2017 च्या अंडर-17 वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तिकडं खेळाडू शोधणाऱ्यांच्या नजरा आधीपासून आहेत. आपल्याकडं ग्राउंडवर येऊन बघणारं कुणी नाही, म्हणून तर फोनमधनं दाखवायची वेळ येते.

आता कोच नेमका बघतो काय? गोल बघतो, नाही असं नाही. पण गोल सगळेच पाठवतात, आणि समोरची टीम कशी होती, कीपर कसा होता हे त्याला माहीत नसतं. तालुक्याच्या मॅचला कीपर म्हणजे ज्याला कुठंच खेळवता येत नाही ते पोरगं, त्याच्यावर तुम्ही चार गोल मारले तर त्याला काय अर्थ आहे. कोचला बघायचं असतं की बॉल यायच्या आधी तुम्ही मान वळवून मागं बघता का, बॉल आल्यावर काय ठरवता आणि किती लवकर, आणि बॉल गेल्यावर, म्हणजे तुमच्याकडून सुटल्यावर, तुम्ही कमरेवर हात ठेवून उभं राहता का परत पळता. खाली जे जे सांगतोय ते या तीन गोष्टी दिसाव्यात म्हणूनच.

शूटिंग: इथंच नव्वद टक्के व्हिडिओ मार खातात

पूर्ण मॅच रेकॉर्ड करा. फक्त "काही झालं तर काढ" असं मित्राला सांगितलं की तो बॉल गोलसमोरच्या डीच्या जवळ गेल्यावर फोन काढतो आणि तोपर्यंत जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. शिवाय बरेच क्लब हायलाइट आवडला तर पुढं पूर्ण मॅच मागतात, तेव्हा ती नसली तर तिथंच विषय संपला.

कॅमेरा सेंटर लाइनच्या समोर, साइडलाइनपासून आठ-दहा मीटर मागं आणि जितका उंच जाईल तितका उंच. खाली जमिनीवरून काढलं की सगळी पोरं एका ओळीत एकामागं एक दिसतात, कोण मोकळं होतं आणि कुठं जागा होती हे कळतच नाही, आणि तुम्ही दिलेला चांगला पास पण नुसता लाथ मारल्यासारखा दिसतो. उंचीवरून काढलं की जागा दिसते. शाळेचं ग्राउंड असेल तर पहिल्या मजल्याची गॅलरी झकास, हेडमास्तरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा, रविवारी शिपाई कुलूप लावून जातो. क्रीडा संकुलाला दोन-चार पायऱ्यांची गॅलरी असते, तिच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. काहीच नसेल तर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करा ना बाजूला, आपल्याकडं ट्रॉलीला काय तोटा, त्यात उभं राहून हात वर केला की बरीच उंची मिळते, किंवा ट्रॉलीच्या फाळक्याला एक बांबू घट्ट बांधायचा आणि त्याच्यावर मोबाईल होल्डर. पाण्याच्या टाकीवर मात्र चढू नका. व्हिडिओपायी हाडं मोडून घ्यायची गरज नाही.

ऊन. चार नंतरची मॅच असेल तर कॅमेरा ग्राउंडच्या पश्चिमेला लावा म्हणजे सूर्य पाठीमागं राहतो, सकाळची असेल तर पूर्वेला. उलटं केलं तर सगळी पोरं काळी सावली दिसतात, जर्सी नंबर तर सोडाच. आणि एप्रिल-मेमध्ये फोन तापून बंद पडतो, हा आपल्याकडचा खास त्रास. फोनचं कव्हर काढा, ब्राइटनेस कमी करा, वर छत्री धरा, आणि पॉवर बँक लावून रेकॉर्डिंग केलं तर फोन अजून तापतो त्यामुळं आधीच फुल चार्ज करून आणा आणि हाफ टाइमला सावलीत ठेवून चार्जिंग करा.

सेटिंग सोपं आहे. फोन आडवा. 1080p, 30 फ्रेम चालतं, फोन दमदार असेल आणि जागा असेल तर 60 करा, पळणारं पोरगं जास्त साफ दिसतं. 4के च्या नादी लागू नका, तिप्पट जागा खातं. 1080p 30 ला साधारण मिनिटाला शंभर ते सव्वाशे एमबी जातात, म्हणजे 45 मिनिटांच्या एका हाफला पाच-सहा जीबी धरा आणि पूर्ण मॅचला बारा. तेवढी जागा आदल्या रात्री मोकळी करा, व्हॉट्सअॅपचे गुड मॉर्निंग डिलीट केले तरी बरीच होते. एअरप्लेन मोड लावा, नाहीतर बरोब्बर कॉर्नरच्या वेळी आत्याचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. 0.5 वाली लेन्स वापरू नका, पोरं मुंग्या दिसतात. आणि दोन हाफ दोन वेगळ्या फाइल ठेवा.

शूटिंग करणारा कोण असावा हे पण सांगतो. लग्नाच्या शूटिंगवाल्याला बोलवू नका. त्याचा कॅमेरा भारी असतो, माणूस पण भला असतो, पण त्याला सवय नवरीच्या चेहऱ्यावर झूम करायची, तो बॉलवर असा झूम करतो की बॉल आणि दोन पायच दिसतात, बाकी दहा पोरं कुठंयत पत्ता नाही, मधूनच फ्रेम फिरवतो, ड्रोन उडवतो. त्यापेक्षा ज्याला फुटबॉल कळतो असा बाकावर बसलेला सब्स्टिट्यूट किंवा धाकटा भाऊ बरा. त्याला तीनच गोष्टी सांगायच्या: फ्रेममध्ये कायम निम्मं ग्राउंड दिसलं पाहिजे, कॅमेरा हळू वळवायचा, आणि तोंड बंद ठेवायचं. तिसरं अवघड जातं. "मार ना लेका, डोळे फुटले का" वगैरे सगळं रेकॉर्ड होतं.

आणखी एक ट्रिक. तुम्ही काहीतरी चांगलं केलं की शूटिंगवाल्यानं प्ले संपल्यावर, बॉल बाहेर गेला की, एक सेकंद लेन्सवर हात ठेवायचा. नंतर दीड तासाचं फुटेज फोनवर सरकवत बघताना जिथं काळा पट्टा दिसेल तिथं थांबायचं आणि दहा-पंधरा सेकंद मागं जायचं. क्लिप सापडली. वहीच्या मागच्या पानावर मिनिटं लिहून ठेवली तरी चालतं पण कुणी लिहीत नाही हा अनुभव आहे.

ग्राउंडवर तुम्ही ओळखू यायला पाहिजे. आपल्याकडं जर्सी बहुतेक वेळा अर्ध्या तासात मातीच्या रंगाची होते, नंबर दिसत नाही. भडक रंगाचे बूट, नाहीतर मनगटाला पांढरी टेप गुंडाळा, एवढं पुरतं.

एका मॅचवर भागत नाही हेही लक्षात ठेवा. निदान चार-पाच मॅच हव्यात, त्यातल्या जमेल तेवढ्या तगड्या टीमविरुद्धच्या. सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेची जिल्हा आणि विभाग फेरी, शालेय विभागीय आणि राज्य, कॉलेजची पोरं असतील तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ किंवा संभाजीनगरचं बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्या टीममधून आंतरविद्यापीठ, या मॅच सोन्यासारख्या, कारण कोचला लेव्हलचा अंदाज लगेच येतो. गल्लीतल्या नाइट टूर्नामेंटमधली, सेव्हन-अ-साइड, टर्फवरची क्लिप टाकू नका, कितीही भारी असली तरी. टर्फचं बघून अकराच्या खेळातलं काहीच कळत नाही.

काय ठेवायचं, काय काढायचं

आता एक क्लिप सांगतो म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. आमच्याकडचा एक लेफ्ट बॅक, दहावीतला. सेंटर बॅककडून बॉल त्याच्याकडं येतोय, बॉल अजून वाटेत आहे आणि हा दोनदा खांद्यावरून मागं बघतो. समोरचा विंगर अंगावर येतोय. हा बॉल थांबवत नाही, अंगासमोरून पलीकडच्या पायावर जाऊ देतो, विंगर फसतो, हा मिडफिल्डरला देतो आणि लगेच लाइन धरून पुढं पळतो, बॉल परत मिळतो, क्रॉस मारतो, आणि त्यांचा डिफेंडर हेडर मारून बाहेर काढतो. पोरानं ही क्लिप काढून टाकली होती. का, तर "गोल झाला नाही ना सर." मी म्हटलं अरे हीच पहिली लाव. वर त्यानं क्लिप क्रॉसवरच तोडली होती, आणि मूळ फुटेजमध्ये पुढचे पाच सेकंद बघितले तर त्यांनी काउंटर केला, म्हणजे लगेच उलटा हल्ला केला, आणि हे पोरगं सुसाट परत पळत येऊन त्याच विंगरला आडवं आलंय. ते पाच सेकंद म्हणजे अख्ख्या व्हिडिओतला सगळ्यात महागडा माल, आणि तोच कापलेला.

तर क्लिप बॉल मिळायच्या तीन-चार सेकंद आधी सुरू करायची आणि प्ले पूर्ण संपेपर्यंत चालू ठेवायची. एक क्लिप आठ ते पंधरा सेकंद झाली तरी चालेल. एकूण व्हिडिओ तीन ते पाच मिनिटं, त्याच्या वर नको. आणि तारखेच्या क्रमानं लावू नका, सगळ्यात चांगल्या चार-पाच क्लिप सुरुवातीला. समोरचा माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरवतो पुढं बघायचं का नाही, तुमचा भारी माल तिसऱ्या मिनिटाला असेल तर तो त्याला दिसलाच नाही म्हणून समजा.

पोझिशनप्रमाणं माल बदलतो. स्ट्रायकर असाल तर गोल हवेतच पण बॉल नसतानाच्या धावा पण हव्यात, डिफेंडरला पाठीवर घेऊन बॉल धरून ठेवलेला हवा, प्रेस करून, म्हणजे अंगावर धावून जाऊन, त्यांच्या बॅकला चूक करायला लावलेली हवी. विंगरनं फक्त ड्रिबल दाखवू नये, ड्रिबल करून पुढं काय झालं ते दाखवावं, तीन पोरांना काढून चौथ्यापाशी बॉल घालवला तर त्याला कोच हिशोबात धरत नाही. मिडफिल्डरचं काम दाखवायला सगळ्यात अवघड कारण ते दिसायला साधं असतं: वळून बॉल घेणं, एका टचमध्ये बाजू बदलणं, दुसरा बॉल, म्हणजे हेडर-टॅकलनंतर मोकळा सुटलेला, जिंकणं. हे साधं ठेवाच, कुणी "बोअर आहे" म्हटलं तरी. सेंटर बॅकला हेडर, एकास एक, आणि पायातून बाहेर काढलेला बॉल, नुसता हाणलेला नाही. मुरमाच्या ग्राउंडवर स्लाइड टॅकल कुणी मारत नाही, कोपर-गुडघे सोलून निघतात, त्यामुळं ते नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तसंही उभं राहून बॉल जिंकणारा डिफेंडर कोचला जास्त आवडतो.

कीपरसाठी वेगळं. आपल्याकडचे सगळे कीपर पेनल्टी अडवलेली पहिली टाकतात. ती शेवटी टाका. आधी क्रॉसला बाहेर येऊन वरच्या वर पकडलेला बॉल, एकटा स्ट्रायकर अंगावर आल्यावर पुढं येऊन अँगल बंद केलेला, लांबचा शॉट, आणि पायानं केलेली डिस्ट्रिब्युशन, म्हणजे आपल्या पोरांना बॉल देणं, कारण आता कीपरला पायानं खेळता येतं का हे सगळे बघतात. डाइव्हचे फोटो नकोत.

दुबळ्या पायाच्या एक-दोन क्लिप प्रत्येकानं टाका. नसतील तर आजपासून प्रॅक्टिस करा, व्हिडिओ पुढच्या महिन्यात बनवा.

एडिटिंग

एडिटिंगला लॅपटॉपच पाहिजे असं काही नाही. फोनवर इनशॉट किंवा काइनमास्टरवर होतं सगळं. लॅपटॉप मिळाला तर लॉसलेसकट नावाचं फ्री सॉफ्टवेअर आहे, ते व्हिडिओची क्वालिटी जराही न घालवता नुसते तुकडे कापून देतं, मोठ्या फाइलमधून क्लिप काढायला एकदम बेस्ट, आणि पुढचं जोडकाम फोनवर करा.

तुम्ही कोण हे दाखवायला क्लिपच्या सुरुवातीला तुमच्याभोवती गोल खूण किंवा बाण हवा. याची सोपी पद्धत अशी: क्लिपच्या पहिल्या फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा, गॅलरीतल्या एडिटमध्ये स्वतःभोवती पिवळा गोल काढा, आणि तो फोटो क्लिपच्या आधी एक-दीड सेकंद लावा. मग क्लिप सुरू. असं केलं की चित्र क्षणभर थांबतं, गोल दिसतो, आणि खेळ चालू होतो. अख्ख्या क्लिपभर बाण नाचवायची गरज नाही.

बाकी सगळं काढायचं. गाणं काढा, एक तर समोरचा म्यूट करूनच बघतो आणि दुसरं म्हणजे यूट्यूब कॉपीराइटवाल्या गाण्यामुळं व्हिडिओचा आवाज बंद करू शकतं किंवा व्हिडिओच अडवू शकतं. स्लो मोशन काढा, कारण कोचला तुमचा वेग बघायचाय आणि तुम्ही तोच लपवायलात. फिल्टर, इमोजी, ट्रान्झिशन, रोनाल्डोचा फोटो एका बाजूला आणि तुमचा एका बाजूला, हे सगळं काढा. अॅपचा वॉटरमार्क राहिला तर राहू द्या, त्याचं कुणाला काही नसतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात मॅच कुठली ते लिहा, "विभागीय अंडर-17, सेमीफायनल" इतकंच.

सुरुवातीला पाच सेकंदाची एक पाटी. साधी काळी, पांढरी अक्षरं, इंग्रजीत लिहा कारण बघणारा केरळचा किंवा गोव्याचा पण असू शकतो. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, पोझिशन (दुसरी जमत असेल तर ती पण), कुठला पाय, सध्याची टीम, जिल्हा, आणि फोन नंबर. एआयएफएफच्या, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, सीआरएस या खेळाडू नोंदणीच्या सिस्टीममध्ये रजिस्ट्रेशन झालेलं असेल तर तो आयडी. पोरगं किंवा पोरगी 18 च्या खाली असेल तर नंबर आई-वडिलांचा नाहीतर कोचचा टाका, स्वतःचा नाही. हीच पाटी शेवटी परत.

जन्मतारखेबद्दल एक शब्द. आपल्याकडं शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून टाकलेली लै पोरं आहेत, ते एक वेळ समजू शकतो, पण दोन वर्षं कमी करून दाखवायचा धंदा करू नका. एज-ग्रुपमध्ये हाडावरून वय तपासतात, तिथं सापडलात तर व्हिडिओ, मॅच, मेहनत सगळं पाण्यात. पाटीवर, आधारवर आणि जन्म दाखल्यावर तारीख एकच पाहिजे, नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. आपल्याकडं त्याला किती हेलपाटे पडतात हे मी वेगळं सांगायला नको, म्हणून लवकर सुरू करा.

अपलोड आणि पाठवणं

व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवू नका, लिंक पाठवा. व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून बारीक करतं आणि तुमची सगळी मेहनत धूसर होते. यूट्यूबवर टाका आणि "अनलिस्टेड" ठेवा. प्रायव्हेट ठेवलं तर समोरच्याला उघडतच नाही, आणि लिंक गेली की पोरं निवांत वाट बघत बसतात. अनलिस्टेड म्हणजे ज्याच्याकडं लिंक आहे त्यालाच दिसतो, सर्चमध्ये येत नाही. पोरींच्या घरच्यांना इथं भीती असते की व्हिडिओ कुठंही फिरेल, त्यांना हे समजावून सांगा, कमेंट पण बंद करता येतात. पोरींनी तर जास्त पाठवायला पाहिजे, इंडियन विमेन्स लीग आहे, आणि मराठवाड्यातून नाव पाठवणाऱ्या पोरी मला तरी हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्याच दिसल्या.

पूर्ण मॅच पण अपलोड करून ठेवा, दोन हाफ दोन व्हिडिओ. 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकायला यूट्यूबवर फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो, एकदाच करायचं असतं. लिंक पाठवायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

पाठवायचं कुणाला? आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) क्लबच्या मालकाला इन्स्टावर मेसेज करून काही होत नाही. क्लबच्या वेबसाइटवर अॅकॅडमीचा किंवा युथ डेव्हलपमेंटचा ईमेल असतो, तो शोधा. एआयएफएफच्या वयोगटाच्या युथ लीग खेळणाऱ्या अॅकॅडमी बघा, निवासी अॅकॅडमी बघा. मोठ्या पोरांनी मुंबई-पुण्याच्या लीगमधले क्लब आधी धरावेत, देशपातळीच्या खालच्या डिव्हिजनमधले धरावेत, तिथून वर जायला रस्ता असतो. आपली लेव्हल आपल्या कोचला विचारा, आईला नको.

मेसेज लहान. सब्जेक्टमध्येच सगळं आलं पाहिजे: "लेफ्ट बॅक, जन्म 2009, डावा पाय, परभणी". आत असं काहीतरी, इंग्रजी जमत नसेल तर सरळ हिंदीत, मुंबई-पुण्याला मराठीत:

"नमस्कार सर, मी परभणीचा लेफ्ट बॅक, जन्म 2009, उंची 172. यंदा विभागीय अंडर-17 खेळलो. 4 मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याच मॅचचे दोन्ही हाफ खाली दिलेत. तुमच्या अंडर-17 च्या ट्रायल असतील तर कळवावं, मी येऊ शकतो. वडिलांचा आणि कोच सरांचा नंबर खाली आहे."

बास. "माझं लहानपणापासून स्वप्न आहे" लिहू नका, घरची परिस्थिती लिहू नका. खरी असली तरी ती ट्रायलनंतर सांगायची, तेव्हा फी माफी, होस्टेल यासाठी तिचा उपयोग होतो. आणि एकच मेल पन्नास क्लबला एकदम, सगळ्यांचे पत्ते वर दिसतायत, असं तर बिलकुल नको. प्रत्येकाला वेगळा, क्लबचं नाव बरोबर लिहून.

उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. परत नाही आलं तर सोडा, पुढचा क्लब.

उत्तर मात्र कधी कधी भलतीकडून येतं. "तुमचा व्हिडिओ आवडला, सिलेक्शन झालं, किटचे आणि रजिस्ट्रेशनचे इतके पाठवा." न बघता, ट्रायल न घेता सिलेक्शन सांगणारा आणि पैसे मागणारा माणूस फ्रॉड समजायचा, लेटरहेड कितीही रंगीत असो. परदेशातल्या क्लबचं आमिष दाखवत असेल तर लक्षात ठेवा, फिफाच्या नियमानं 18 च्या आतल्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली मोजके अपवाद सोडले तर होतच नाही. कुणी स्वतःला एजंट म्हणवत असेल तर फिफाचं लायसन असलेल्या एजंटांची नावं फिफाच्या वेबसाइटवर शोधता येतात, तिथं बघा. आणि शंका आली तर ज्या क्लबचं नाव सांगतोय त्या क्लबच्या ऑफिसला सरळ फोन लावा. बापानं सोयाबीन विकून आलेले पैसे असे गेलेले बघवत नाहीत राव.

शेवटचं, व्हिडिओ अपडेट करणं. यूट्यूबवर एकाच लिंकवर जुना व्हिडिओ काढून नवा टाकता येत नाही, नवा टाकला की लिंक बदलते. गूगल ड्राइव्हवर मात्र कॉम्प्युटरवरून "मॅनेज व्हर्जन्स"मध्ये जाऊन त्याच लिंकवर नवी फाइल टाकता येते, म्हणून ज्यांना आधी पाठवलंय त्यांच्यासाठी ड्राइव्हची पण एक लिंक देऊन ठेवा, शेअरिंग "एनीवन विथ द लिंक" करून. दर सहा महिन्यांनी किंवा मोठी स्पर्धा झाली की जुन्या दोन-तीन क्लिप काढा, नव्या घाला, पाटीवरची उंची-वजन बदला कारण या वयात ते बदलतंच, आणि जुना मेल शोधून त्यालाच रिप्लाय करा की सर, यंदाच्या क्लिप टाकल्यात.